पाठमोऱ्या मारुतीचा पत्ता

त्या गेल्या तेव्हा एका साप्ताहिकाच्या कोपऱ्यात चार ओळी आल्या. मथळा होता, 'वेड्यांवर हसवणाऱ्या लेखिकेचे निधन'. मी अंक तिथल्या तिथे टेबलावर आपटला. वेड्यांवर म्हणे! अहो, निदान पुस्तकाचं एक पान तरी उलटायचं होतं. वेड्यांवर त्या बाईंनी एक ओळ लिहिली नाही. लिहिलं ते सगळं तुमच्याआमच्यावर, आणि आपण पोट धरून हसलो, कारण प्रत्येकाला वाटलं की हे शेजाऱ्याबद्दल चाललंय. त्या चार ओळींत शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्याबद्दल तर मी बोलतच नाही.

मी मुद्रितशोधक. म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारा माणूस. चाळीस वर्षं सदाशिव पेठेत हाच उद्योग केला. लोक आम्हाला चिकित्सक म्हणतात, घरचे किरकिरे म्हणतात, दोन्ही बरोबर आहे.

पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते आमच्या प्रकाशकांच्या कचेरीत. खाली स्पर्धा परीक्षांचा क्लास, जिन्यात मुलांच्या चपलांचा खच, वर दोन खोल्या. त्या चपलांमधून वाट काढत एक ठेंगणी, साठी उलटलेली बाई वर आली. फिकट निळी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात औषधाच्या दुकानाची कापडी पिशवी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. टेबलावरच्या दोन कात्र्या, कागद कापायची सुरी आणि प्रकाशकांचा नखं कापायचा नेलकटर असं सगळं त्यांनी उचललं, ड्रॉवरमध्ये टाकलं, ड्रॉवर बंद केला आणि मग म्हणाल्या, "नमस्कार. आता बोलू."

"हे काय?" प्रकाशक म्हणाले.

"सवय. तेहतीस वर्षं वॉर्डात मोजून ठेवल्यात. एक कमी भरली तर कुणाची ड्यूटी सुटायची नाही."

त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात नर्स होत्या. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सगळं जग त्यांना सिस्टर म्हणायचं, तसं आम्हीही म्हणायला लागलो. पिशवीत बारा कथा होत्या. वेडाबद्दलच्या, उपहासाच्या, पहिल्याच.

प्रकाशक आपल्या नेहमीच्या पवित्र्यात गेले. नवीन लेखक, कागदाचे भाव, वाचक कुठे आहे वगैरे. सिस्टरनी मध्येच विचारलं, "आज वार कोणता?"

"मंगळवार," प्रकाशक म्हणाले. बुधवार होता.

"आपण आत्ता कुठे आहोत?"

"म्हणजे? पुण्यात."

"कितव्या मजल्यावर?"

प्रकाशकांनी खिडकीतून खाली पाहिलं. मी मान खाली घातली, नाहीतर हसलो असतो. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "पेशंट आला की हे तीन प्रश्न विचारतात. तुम्ही माझं पुस्तक छापा. तुम्हाला गरज आहे."

आणि काय सांगू, त्यांनी छापायचं कबूल केलं!

माझं पहिलं वाक्य मात्र आठवलं की अजून कानशिलं तापतात. सिस्टर खडकीच्या. बौद्ध कुटुंब, वडील आणि नवरा दोघंही दारूगोळा कारखान्यात, त्या घरातून ही नर्सिंगला गेलेली. हे सगळं कळल्यावर, दोन कथा चाळून मी मोठ्या कौतुकाने म्हणालो, "भाषा अगदी शुद्ध आहे हो तुमची."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचीही बरी आहे," म्हणाल्या.

मला कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. बरं, तेही बरोबरच झालं. तो 'अगदी' माझ्या तोंडून का आला, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

पुस्तकाचं नाव त्यांनी ठरवलं होतं, 'रात्री शांत'. प्रकाशकांना हवं होतं 'चक्रम कट्टा'. मुखपृष्ठही तयार करून आणलं: डोक्यावर पातेलं घातलेला, डोळे गरगरणारा, जीभ बाहेर काढलेला माणूस. सिस्टरनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. "हे कोण? तुमच्या घरातले आहेत का कुणी?" प्रकाशकांनी चित्र उलटं ठेवलं. "तेहतीस वर्षांत मी डोक्यावर पातेलं घातलेला एक माणूस पाहिला. तो आमचा स्वयंपाकी. पाऊस होता." चित्र रद्द झालं.

नाव 'रात्री शांत' का, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, "रोज सकाळी रजिस्टरमध्ये तेच लिहायचे. रात्री शांत. तेहतीस वर्षांत एकही रात्र शांत नव्हती. पण लिहायची पद्धत तशी."

आता आमच्या कामाची पद्धत सांगायला हवी. पूर्वी मुद्रितं तपासायला दोन माणसं समोरासमोर बसायची. एक हस्तलिखित मोठ्याने वाचणार, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. दुसरा छापील कागदावर नजर ठेवून चुका टिपणार. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर उरकतात, म्हणून तर पुस्तकांची ही दशा आहे. मी हटून बसतो. प्रकाशक म्हणाले, वाचायला माणूस नाही. सिस्टर म्हणाल्या, "मी आहे."

असे आम्ही पंधरा-वीस दुपारी बसलो. त्यांची खुर्ची दाराकडे तोंड करून, दार उघडंच. बंद दाराच्या खोलीत त्या बसायच्याच नाहीत. वाचायच्या तेही वॉर्डातला रिपोर्ट दिल्यासारखं, आवाजात चढ नाही, उतार नाही: "शेजारीण म्हणाली स्वल्पविराम मेल्याला वेड लागलंय उद्गारचिन्ह." मी हसलो की थांबायच्या.

"कशाला हसलात?"

"अं?"

"सिग्नलवर थांबलेल्याला हसलात, का मागच्या हॉर्नवाल्यांना?"

ती कथा अशी: भर दुपारी रिकाम्या चौकात एक माणूस लाल दिव्याला स्कूटर थांबवतो. मागचे हॉर्न मारतात, शिव्या देतात, शेवटी चिंताक्रांत होऊन त्याला उचलतात आणि हॉस्पिटलात आणून सोडतात. डॉक्टर विचारतात, लक्षणं काय? सगळे एका सुरात सांगतात, साहेब, हा थांबतो!

"हॉर्नवाल्यांना," मी म्हणायचो.

"मग ठीक. पुढे."

दुसऱ्या एका कथेत आई-वडील मुलाला घेऊन येतात. बारावीचा मुलगा, क्लासला जातो, पहिला येतो. तक्रार काय, तर रात्री आठ तास झोपतो. "याच्या वर्गात बाकी कुणालाच हा त्रास नाही हो!" आई रडते. मी हसलो. सिस्टर थांबल्या. माझी भाची त्या वर्षी बारावीला होती आणि मीच तिला पहाटे चारला फोन करून उठवत होतो. मी हसायचं बंद केलं.

चिडायच्या त्या क्वचित, पण चिडल्या की आवाज आणखी खाली यायचा. एकदा प्रकाशक फोनवर कुणाला तरी थट्टेत म्हणाले, "तुला येरवड्याला धाडला पाहिजे." सिस्टर कागद खाली ठेवून म्हणाल्या, "येरवड्यात तुरुंगही आहे. तिथून सुटून आलेल्याची लोक मिरवणूक काढतात, पुढे निवडून देतात. आमच्याकडून बरा होऊन निघालेल्याचं घरच सापडत नाही." प्रकाशकांना वाटलं, हे छान वाक्य आहे, मलपृष्ठावर टाकू. मला वाटलं, बाई अलंकारिक बोलतायत.

अलंकारिक! बारावी कथा आली तेव्हा कळलं.

'परत आलेली पत्रं' हे तिचं नाव. पुस्तकातली सगळ्यांत उत्तम कथा, आणि हे मी चाळीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचून सांगतोय. वॉर्डातली एक बाई बरी होऊन वर्षं लोटलीत. घरच्यांना पत्रं जातात आणि शिक्का मारून परत येतात: पत्ता सापडत नाही. मग वॉर्डातल्या बायका सभा भरवून निष्कर्ष काढतात की, बिचाऱ्या घराच्याच डोक्यावर परिणाम झालाय आणि ते भ्रमिष्टासारखं कुठेतरी निघून गेलंय. त्या पेपरात द्यायला जाहिरात तयार करतात. 'घर हरवले आहे. रंग पिवळा, मजले दोन, बोलताना अडखळते. कुणाला आढळल्यास कळवावे. घरा, तू परत ये, तुला कुणी रागावणार नाही.'

मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. या वेळी सिस्टरनी विचारलं नाही, कशाला हसलात. त्या सरळ पुढे वाचत गेल्या: "पत्ता विसर्गासारखी दोन टिंबं एक हजार सत्तेचाळीस नारायण पेठ स्वल्पविराम पाठमोऱ्या मारुतीजवळ स्वल्पविराम दुसरा मजला पूर्णविराम."

"थांबा," मी म्हणालो. "इथे चूक आहे."

"नाही."

"आहे. पाठमोरा मारुती नारायण पेठेत नाही, सदाशिव पेठेत आहे. मी लहानपणापासून त्याच्यासमोरून शाळेत गेलोय. वाचक पत्रं लिहितील, सिस्टर! पुण्यात पेठ चुकवून चालत नाही." आणि मोठ्या दिमाखात मी लाल पेनाने 'नारायण'वर काट मारली आणि समासात 'सदाशिव' लिहिलं.

त्यांनी माझ्या हातातून पेन हिसकावलं. "खोडू नका! कागदावर होतं तसंच उतरवलंय!"

"कुठल्या कागदावर?"

त्यांनी पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं. मग जे सांगितलं ते असं. ही बाई खरी होती, अजून वॉर्डातच होती, आणि निवृत्तीनंतरही सिस्टर तिला भेटायला जायच्या. वॉर्डात तिला मावशी म्हणायचे. ऐन तिशीत, बाळंतपणानंतर तिचं डोकं फिरलं, मूलही राहिलं नाही, नवऱ्याने काखा वर केल्या, आणि भावाने आणून दाखल केलं. दाखल्याच्या कागदावर घरचा पत्ताही त्यानेच लिहिला. दोन वर्षांत ती ठणठणीत बरी झाली. घेऊन जा म्हणून कळवायला घेतलं, तर पत्रं परत. चोवीस वर्षं मावशी तिथेच. भाजी निवडायची, नव्या मुलींच्या वेण्या घालायची, आणि कुणी बाहेर जाताना दिसलं की विचारायची, "पत्राचं काही?" तिला स्वतःला पत्ता सांगता येत नव्हता, तिला सासरहून परस्पर आणलं होतं आणि माहेरचे मधल्या काळात भाड्याची जागा सोडून नव्या जागेत गेले होते.

"गोष्टीत मी सगळं बदललं," सिस्टर म्हणाल्या. "नाव, वय, आजार, पार पातळाचा रंगसुद्धा. पत्ता तेवढा ठेवला. तो खोटाच. खोट्या पत्त्यावर कोण राहतं की त्याला त्रास होईल?"

"पण शोधलं नाही कुणी?"

"शोधलं नाही कसं? शिपाई दोनदा जाऊन आला. रजेच्या दिवशी मी स्वतः गेले. एक हजार सत्तेचाळीस नारायण पेठ म्हणजे कागदाचं गोदाम. शेजारच्या ओट्यावर एक आजोबा पेपर वाचत होते. मी विचारलं, आजोबा, नारायण पेठेत पाठमोरा मारुती कुठे आहे? ते म्हणाले, 'नारायण पेठेत नाही.' आणि परत पेपरात डोकं घातलं."

"मग?"

"मग काय? मी घरी आले."

मी खुर्चीवरून उठलो. काय करावं सुचेना. त्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं हो! पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला पाठमोरा मारुती ठाऊक नाही? शेजारच्याच पेठेत आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बाईंनी विचारलं काय? नारायण पेठेत कुठे? नारायण पेठेत नाही. प्रश्न संपला, उत्तर संपलं. वर एक शब्द जास्त सांगितला असता तर याचं काय जाणार होतं? आपल्या या नेमकेपणाचा आपल्याला केवढा अभिमान! कट्ट्याकट्ट्यावर किस्से सांगतो आपण त्याचे, पाहुण्यांना ऐकवतो. त्या एका नेमक्या उत्तरात एका बाईची अर्धी हयात गेली. आणि संताप कुणाचा करू? मला विचारलं असतं तर मीही अक्षरशः तेवढंच सांगितलं असतं, आणि वर मनात म्हटलं असतं, लोकांना साधा पत्ता विचारता येत नाही.

"सदाशिव पेठेत एक हजार सत्तेचाळीस आहे का?" सिस्टरनी विचारलं.

"आहे. मारुतीपासून तिसरं घर. आता बिल्डिंग झालीय."

"म्हणजे पेठ तेवढी बदलली त्याने." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "खोटं बोलताना माणूस आळशी असतो. चला."

"आत्ता?"

"मग कधी?"

चालत सात मिनिटं लागली. चोवीस वर्षं, आणि सात मिनिटं!

दुसऱ्या मजल्यावर मावशीच्या माहेरच्या आडनावाची पाटी होती. दार एका वहिनींनी उघडलं. साधारण सिस्टरच्याच वयाच्या, हात पिठाचे. आम्हाला बसवून पाणी दिलं. मागोमाग मावशीचे बंधू आले. निवृत्त, नीटनेटके, घरातही शर्ट खोचलेला. आणि आम्ही दोघंही त्यांच्याकडे न बघता त्यांच्यामागच्या भिंतीकडे बघत होतो. भिंतीवर एका तरुण बाईचा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार. खाली बारीकसा लाल दिवा.

"या कोण?" सिस्टरनी विचारलं.

"धाकटी बहीण. इंदूरला दिली होती. गेली, बरीच वर्षं झाली."

"कशाने?"

"तापाने."

"काल दुपारी तिने दोन वाट्या आमटी प्यायली," सिस्टर म्हणाल्या. "तिसरी मागत होती."

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज येत होता तो थांबला. बंधूंचा चेहरा पांढराफटक पडला, पण क्षणभरच. मग ते उठले आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "आपला काहीतरी गैरसमज होतोय. आपण आता यावं."

आपण आता यावं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत बहिणीला चंदनाचा हार घालणारा माणूस आम्हाला आदरार्थी बहुवचनात हाकलत होता. सिस्टर मात्र तोल न सोडता म्हणाल्या, "ती पूर्ण बरी आहे. घरी आणा तिला. आणि हो, तुमच्या पत्त्याची गोष्ट लिहिलीय मी. पुढच्या महिन्यात पुस्तक येतंय."

दुसऱ्या दिवशी बंधूंचा फोन प्रकाशकांना. बदनामी, वकील, नोटीस. प्रकाशकांची पाचावर धारण बसली. खरं तर त्या कथेत ओळखू येण्यासारखं काय होतं? एक पत्ता, तोही खोटा, त्यांनीच दिलेला! पण गृहस्थ म्हणाले, कथा काढा, नाहीतर बघून घेतो. प्रकाशक मला म्हणाले, तुम्ही बाईंना समजवा. मी म्हणालो, मी मरेन पण समजावणार नाही. ती कथा काढली तर पुस्तकात उरलं काय?

आणि सिस्टर? "काढा," म्हणाल्या.

"अहो पण सिस्टर, तीच तर..."

"ठाऊक आहे मला तीच. सहा वर्षं लिहीत होते. काढा. पण त्यांना म्हणावं, रविवारी दहा वाजता येऊन बहिणीला भेटून जा. न्यायचं काही नाही, फक्त भेटायचं. ते कबूल करत असतील तर काढा."

बंधूंनी फोनवर कबूल केलं. 'अवश्य येतो' असे शब्द होते, प्रकाशकांनी मला तसेच सांगितले. कथा निघाली. अकरा कथांचं पुस्तक छापायला गेलं. शेवटचं मुद्रित मीच तपासलं. अनुक्रमणिकेतली बारावी ओळ मी माझ्याच लाल पेनाने खोडली.

त्या रविवारी मी गेलो होतो. सिस्टर म्हणाल्या होत्या, या, कुणीतरी बाहेरचं माणूस बघायला हवं. मावशी नऊ वाजल्यापासून फाटकाजवळच्या बाकावर बसली होती. हिरवं इस्त्रीचं पातळ, केसांना तेल, हातात रुमाल. दहा वाजले. अकरा वाजले. प्रत्येक रिक्षा थांबली की ती उठायची, पदर सारखा करायची आणि परत बसायची. जेवायला आत चल म्हटलं तर नाही म्हणाली, तो आला आणि मी नसले तर? साडेतीन वाजता एक मुलगा मोटरसायकलवरून आला आणि मिठाईचा पुडा देऊन गेला. म्हणाला, साहेबांना जरा काम निघालं.

मावशीने पुडा मांडीवर ठेवला. उघडला नाही. मग म्हणाली, "तो पहिल्यापासूनच भित्रा. पाल दिसली की मला पुढे करायचा." तक्रार नव्हती आवाजात. ती नव्हती म्हणूनच मला सहन होईना. मी तिकडे पिंपळाकडे तोंड करून उभा राहिलो.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. मावशी आता गावाबाहेर एका घरात राहते, तिच्यासारख्याच तिघीजणींबरोबर. सिस्टरनीच वर्षभर कागदपत्रांमागे पळून ते जमवलं. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आहे, बाकीच्यांना ती मिठावरून बोलत असते. सिस्टर शेवटच्या आजारापर्यंत दर गुरुवारी तिच्याकडे जायच्या. पुस्तकाला एका संस्थेचा विनोदी लेखनाचा पुरस्कार मिळाला. सिस्टर घ्यायला गेल्या नाहीत, म्हणाल्या गुरुवार आहे.

पण त्या रविवारी यातलं काहीच झालं नव्हतं. मावशीला आत पोचवून सिस्टर बाहेर आल्या आणि रिक्षाला हात केला. मी विचारलं नाही कुठे. उन्हं अजून होती.

बंधूंनी दार अर्धंच उघडलं. "मी निरोप पाठवला होता..." सिस्टरनी त्यांना हाताने बाजूला केलं, वॉर्डात दारात घुटमळणाऱ्याला करतात तसं, आणि सरळ त्या फोटोखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"घरी नेऊ नका," त्या म्हणाल्या. "भेटू नका. मी आता काहीच मागत नाही. फक्त हा हार काढा. ती जिवंत आहे."

"आपण समजून घ्या," बंधूंचा आवाज पहिल्यांदा फुटला. "माझ्या दोन मुलींची लग्नं झाली ती हा फोटो या भिंतीवर आहे म्हणून. मेलेली आत्या चालते लोकांना. वेडी चालत नाही. तुमच्या घरात चालली असती का? यांच्या घरात?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

नसती चालली. माझ्या बहिणीने थोरल्या मुलासाठी स्थळं बघताना पहिला प्रश्न तोच विचारला होता, आणि मी शेजारी बसून मान डोलावली होती.

"झाली ना लग्नं?" सिस्टर म्हणाल्या. "आता काढा."

"नाही काढणार. येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय सांगू?"

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तपासनीस, चूक दिसतेय ना? करा दुरुस्त."

आयुष्यात मी कुणाच्या घरात आवाज चढवला नव्हता. जे काही म्हणायचं ते लोकांच्या समासात, लाल शाईने, बारीक अक्षरात. मी पुढे झालो. माझी उंची बेताची. टाचा उचलल्या, हात ताणला, हाराचं टोक बोटाला लागेना. एकदा उडीसुद्धा मारली. या वयात, परक्याच्या दिवाणखान्यात!

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला दोघांना?" बंधू ओरडले. "मी पोलीस बोलावतो!"

"वेड लागलंय का ते ठरवायचा मी तेहतीस वर्षं पगार घेतला, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही बसा."

तेवढ्यात वहिनी आतून आल्या. पहिल्या दिवसापासून त्यांच्या तोंडून मी एक चकार शब्द ऐकला नव्हता. त्यांच्या हातात स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल होतं. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. स्टूल बरोबर फोटोच्या खाली ठेवलं.

"सासूबाई जाईपर्यंत रोज या फोटोला फूल वाहायच्या," त्या म्हणाल्या. "त्यांनाही इंदूरला तापाने गेली असंच सांगितलं होतं. मी फुलं आणून देत होते."

मग खाली बसून त्यांनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"चढा," म्हणाल्या. "एक पाय आखूड आहे याचा. मी धरलंय."